पद्मिनी, डिझायर आणि 'अभिजात'

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द आपल्याकडे फारच सढळपणे वापरला जातो. जुन्या मोटारींनाही तो लावला जातो. केवळ वय झाले म्हणून एखादी वस्तू अभिजात ठरते काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विचारावा, असे आम्हांस वाटते.

उदाहरण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीचे घेऊ. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून ती इथे बनू लागली. १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. ताडदेवला तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. ती बहुतांशी मागच्या आसनावरची होती. पॉवर स्टिअरिंग नसलेले ते चाक बारा-बारा तास ओढणाऱ्या, इंजिनाची धग पायांवर घेणाऱ्या चालकाचे खांदे त्या स्मृतिलेखांत क्वचितच आले.

तिच्यासमोर २०२४ ची मारुती डिझायर ठेवा. दोघींची लांबी चार मीटरांच्या आत. इंजिने १०८९ आणि ११९७ घनसेंटिमीटर, म्हणजे फार दूरची नव्हेत. पण डिझायरला सहा एअरबॅग आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. पद्मिनीत एअरबॅग नव्हतीच. माणूस वाचणे ही कसोटी लावली, तर निकाल स्पष्ट आहे, आणि तो आम्ही विनासंकोच देतो.

मग पद्मिनीपाशी काहीच उरत नाही काय? उरते. तिचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, केबली सारे डोळ्यांना दिसे. गल्लीतला मिस्त्री पाने आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ती वाचू शके, आणि हाताखालचा पोरगा पाहून पाहून शिके. नव्या मोटारीत बिघाड संगणकाच्या संकेतांत दडतो. तो वाचायला स्कॅनर लागतो आणि अनेकदा कंपनीची परवानगीही.

इथे साहित्याची साक्ष उपयोगी पडते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथ टिकला तो नुसता पूजेत ठेवल्याने नव्हे. पुढच्या पिढीला त्यात हात घालता आला, म्हणून. आमच्या मते अभिजाततेचे एक लक्षण हे आहे: उत्तरकालीनांना दुरुस्तीची मुभा असणे.

म्हणून प्रवास नव्या सेडाननेच करावा. मात्र दुरुस्तीचा हक्क तिच्याकडे मागावा. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या. पद्मिनीचे छायाचित्र भिंतीवर लावणाऱ्यांनी या चर्चेत भाग घेतला, तर त्या गाडीचे ऋण अधिक नीट फिटेल.