बुद्धीचं टॉनिक मिळत नाही

गेल्या महिन्यात एक आई तिसरीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार पोटदुखीची. दुखणं सकाळी शाळेच्या तयारीच्या वेळी सुरू व्हायचं आणि शाळा बुडाली की तासाभरात थांबायचं. रविवारी कधीच दुखायचं नाही. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, सोनोग्राफीही नॉर्मल होती.

पोट तपासून मी त्याला टेबलावरचं मराठी वर्तमानपत्र दिलं आणि मोठ्या अक्षरातला मथळा वाचायला सांगितला. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "क... म..." एवढं म्हणून थांबला. आईचा चेहरा पडला. "डॉक्टर, पुस्तकातला धडा तर घडाघडा म्हणतो हो!" म्हणतो खरा, कारण धडा त्याला पाठ आहे. मी त्याच धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तेव्हा तो त्याला वाचता आला नाही.

आईचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या ना."

असं टॉनिक नसतं. स्मरणशक्तीची म्हणून विकली जाणारी सिरप पिऊन मूल वाचायला लागल्याचं तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहिलेलं नाही. पालकांचं समाधान व्हावं म्हणून अशी बाटली लिहून देणारे आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. बाटली संपेपर्यंत दोन महिने जातात आणि तेवढ्यात वर्ग पुढे निघून जातो.

हे मूल एकटं नाही

'असर'च्या 2024 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण चारांपैकी एकाच मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो. म्हणजे न वाचणारं मूल हा अपवाद नाही. म्हणूनच तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा, असं उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरीचीच मर्यादा का? कारण त्यानंतर परिसर अभ्यास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच वाचून समजावं लागतं. ज्याला वाचता येत नाही, तो एका विषयात नाही तर सगळ्याच विषयांत मागे पडतो. मग त्याला 'मठ्ठ' म्हणतात, आणि ते ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागतं. मला काळजी वाटते ती याची.

आधी शरीर तपासा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला रागावण्याआधी एवढं बघा:

1. डोळे. मूल स्वतः "मला फळ्यावरचं दिसत नाही" असं सांगत नाही. सगळ्यांनाच असं दिसत असेल, असं त्याला वाटतं.
2. कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं. 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' यांतला फरक नीट ऐकूच आला नाही, तर तो लिहिता कसा येईल?
3. रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांत रक्ताल्पता आढळली. लोह कमी असेल तर मूल लवकर थकतं, लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि जंताची गोळी चुकवू नका.
4. झोप. या वयात नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल बघणारं मूल सकाळी वर्गात पेंगणारच.

शाळेत 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ही तपासणी मोफत असते.

गणितातली चूक आळसाची नसते

'पंचवीस' ऐकून मूल 52 लिहितं आणि पाठीत धपाटा खातं. जरा विचार करा. मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक, लिहिताना मात्र उलट. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे 29! याच कारणानं 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस पाच' अशी पद्धत आणली गेली आणि तिची राज्यभर थट्टा झाली. पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात, पण मुलाची अडचण खरी आहे.

त्यावर घरगुती उपाय सोपा आहे. दहाच्या दोन नोटा आणि एक रुपयाची पाच नाणी समोर ठेवा. "पंचवीस रुपये दे" म्हणा. मग तेच लिहायला सांगा. दोन नोटा डावीकडे, पाच नाणी उजवीकडे. हातात धरलेला दशक पाठ केलेल्या दशकापेक्षा लवकर कळतो.

रोजची वीस मिनिटं

"आम्हालाच फारसं येत नाही, शिकवणार काय?" असं अनेक पालक विचारतात. तुम्ही शिक्षक व्हायचं नाही, फक्त सोबत बसायचं आहे.

- दहा मिनिटं वाचन. शब्दाखाली बोट फिरवत आधी तुम्ही एक ओळ वाचा, मग तीच ओळ मुलानं वाचायची. तुम्हाला वाचता येत नसेल तर मुलाला वाचून दाखवायला सांगा आणि "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारा. गोष्ट सांगणाऱ्या आजीची शब्दसंपत्ती कुठल्याही ॲपपेक्षा मोठी असते.
- दहा मिनिटं हिशेब. घरात पाच माणसं, प्रत्येकाला तीन चपात्या, तर किती लाटायच्या? भाजीचे चाळीस झाले, पन्नास दिले, परत किती? सापशिडी खेळा.
- मूल इंग्रजी माध्यमात असलं तरी घरी मराठीतच बोला. गोष्टीचा अर्थ लावायची सवय घरच्या भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.
- मारू नका. घाबरलेल्या मुलाचं लक्ष अक्षराकडे नसतं, तुमच्या हाताकडे असतं.

शाळेची जबाबदारी पालकांवर ढकलावी, असं मी म्हणत नाही. शिकवणं हे शाळेचंच काम आहे, आणि वर्गशिक्षकांना भेटून "माझं मूल नेमकं कुठं अडतंय?" हे विचारणं तुमचा हक्क आहे. पण घरच्या वीस मिनिटांची जागा ना शाळा घेऊ शकते, ना शिकवणी.

नियमित सराव करूनही, साधारण आठ वर्षांच्या पुढे, मूल अक्षरं सतत उलटसुलट करत असेल किंवा बोलण्यात हुशार पण वाचण्यात फार मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. तो बुद्धीचा दोष नव्हे.

त्या मुलाला चष्मा लागला, हिमोग्लोबिन नऊ निघालं, लोहाचं औषध सुरू केलं. आई रोज रात्री भाकऱ्या झाल्या की त्याच्याजवळ बसते. परवा तो पुन्हा आला होता. अजून अडखळतो, जोडाक्षरं येत नाहीत. पण माझ्या दाराबाहेरची 'चप्पल बाहेर काढा' ही पाटी त्यानं 'चपल बाहेर काढा' अशी वाचली. पोट आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी दुखतं, असं आई म्हणाली.