जळगावला एक रात्र उतरून बघा

दक्षिण अमेरिका फिरून आलेल्या कुठल्याही बॅकपॅकरला विचारा, "लीमात किती दिवस होतास?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: एक, फार तर दोन. विमान तिथे उतरतं म्हणून थांबायचं, हॉस्टेलच्या बंक बेडवर पाठ टेकायची आणि लगेच कुस्को गाठायचं, कारण माचू पिच्चू तिकडे. लीमा पेरूची राजधानी असेल, पण या मंडळींच्या लेखी ती वेटिंग रूमच.

आपल्या खानदेशातही अशीच एक वेटिंग रूम आहे: जळगाव. अजिंठा इथून साधारण 60 किलोमीटर. मुंबई-हावडा लाइन गावातूनच जाते, सुरतची लाइन इथेच येऊन मिळते. त्यामुळे लोनली प्लॅनेटसारख्या गाइडबुकांत जळगावचं नाव वर्षानुवर्षं आलंय, पण ते 'अजिंठ्यासाठी सोयीचा मुक्काम' म्हणून. परदेशी पाहुणा स्टेशनजवळच्या लॉजमध्ये रात्र काढतो, सकाळी एसटीने लेणी बघतो आणि पुढची गाडी धरतो.

गंमत म्हणजे तो निदान एक रात्र तरी राहतो. आपण तेवढंही राहत नाही. पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत खानदेशची पोरं भरपूर सापडतील. त्यांना हंपीतलं स्वस्त होमस्टे ठाऊक असतं, पाँडिचेरीतला कॅफे ठाऊक असतो. धुळे-जळगावचं नाव काढलं की मात्र एकच वाक्य: "तिथे काय आहे भो बघायला?"

तर मंडळी, काय आहे ते सांगतो. बजेट: एसटी, साधं लॉज आणि शेवभाजी. वेळ: शुक्रवार ते रविवार.

पहिला मुक्काम धुळे. 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच सुमारास कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात नवी पेठ वसवत होता. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. प्रोग्रॅमर माणसाला असा पत्ता शोधायला काय मजा येते म्हणून सांगू! इथेच 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे वारले, आणि त्यांनी आयुष्यभर पायपीट करून जमवलेली कागदपत्रं त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपली गेली. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. फक्त आधी फोन करून वेळ विचारा. संस्था आहे ती, मॉल नव्हे.

धुळ्याचा तुरुंग बाहेरूनच बघायचा. 1932 साली विनोबा इथे कैदेत होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. रविवार मोजून बघा, बरोबर अठरा भरतात. अध्यायही अठराच. इतकं काटेकोर वेळापत्रक मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं नाही!

शनिवारी सकाळी एसटीने जळगाव. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर आहे, तिथे आता त्यांचं स्मारक केलंय. लिहिता-वाचता न येणारी ही बाई 1951 साली गेली. त्यानंतर मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, टिपून ठेवलेल्या कविता आचार्य अत्र्यांनी जगापुढे आणल्या. 2018 पासून इथलं विद्यापीठ तिच्या नावाने ओळखलं जातं. दुपारी गांधीतीर्थ बघा, संध्याकाळी सराफ बाजारातून नुसतं चालत जा. थंडीत गेलात तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका. रविवारी अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून क्रम हाच ठेवा.

आता आक्षेप. एक, दोन-तीन दिवसांत गाव कळतं का? नाही कळत. लीमाही कळत नाही. पण गावाला विचारायचा एखादा नीट प्रश्न तरी हाती लागतो, आणि 'तिथे काय आहे' हा काही प्रश्न नव्हे, तो प्रश्न टाळायचा बहाणा आहे. दोन, सोयी नाहीत. हे मात्र खरं. हॉस्टेल संस्कृती इकडे रुजलेली नाही. एकट्या मुलीला खोली देताना काउंटरवरचा माणूस दहा चौकश्या करतो. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत सरकारकडे फॉर्म भरावा लागतो, म्हणून छोटी लॉजं त्याला टाळतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा तर जाऊच नका. पण सोयी आधी आणि प्रवासी नंतर, असं फारसं कुठे घडलेलं नाही. आधी चार सॅकवाले येतात, मग कुणीतरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढतं. सुरुवात करायला एसटी आहेच. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो, आणि 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे.

एवढं सगळं का सांगतोय? कारण यात पर्यटनाहून मोठी गोष्ट अडकली आहे. आपण दिवाळीला घरी जातो, ते घर ते घरच. स्टेशन, रिक्षा, आईच्या हातचं जेवण, परत स्टेशन. गाव मधल्या मध्ये राहून जातं. मग दहा वर्षांनी प्रश्न उभे राहतात: प्लॉट विकायचा का, आई-बाबांना पुण्याला आणायचं का, आपण परत जाऊ शकतो का. तेव्हा आपण ज्या गावाबद्दल निर्णय घेतो, ते बारावीच्या क्लासच्या खिडकीतून शेवटचं पाहिलेलं असतं. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या संस्थांचंही तसंच. त्यांना देणग्या हव्यातच, पण त्याहून जास्त हवाय दार ढकलून आत येणारा माणूस. कुणी फिरकलंच नाही, तर ती कपाटं कुणासाठी उघडी ठेवायची?

तेव्हा खानदेशच्या पोरापोरींनो, यंदा दिवाळीची वाट बघू नका. डिसेंबरातला एक शुक्रवार रजा टाका, रात्रीच्या गाडीचं तिकीट काढा. घरी कळवा, नाहीतर आई रागावेल. पण पहिली रात्र लॉजवर काढा आणि सकाळी पायी निघा, पाहुण्यासारखे.