एन्चिलाडाचा रस्सा आणि ‘अस्सल’पणाचा निवाडा

१/ टेक्सासमध्ये एन्चिलाडावर ओतला जाणारा तपकिरी रस्सा ‘खरा मेक्सिकन नव्हे’, असे तुच्छतेने म्हणण्याची रीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा निवाडा मुळीच मान्य करू नये. #थ्रेड

२/ प्रथम शब्द पाहू. स्पॅनिशमधील ‘एन्चिलार’ म्हणजे मिरची लावणे. मिरचीच्या रश्शात माखलेली मक्याची पोळी ती एन्चिलाडा. पदार्थाचे नावच रश्शावरून पडले आहे. म्हणून वादही रश्शाचाच.

३/ मेक्सिकोत आंचो, ग्वाहियो अशा वाळक्या मिरच्या भिजवून वाटतात. हिरवा रस्सा तोमातियो या आंबट फळाचा. टेक्सासच्या ‘चिली ग्रेव्ही’साठी चरबीत मैदा भाजतात, मिरचीची पूड व जिरे घालतात आणि मांसाचे पाणी ओततात. कुठे तिच्याऐवजी मांसाची चिली कॉन कार्ने असते, तर कुठे सावर क्रीमचा पांढरा सॉस.

४/ आक्षेप असा की, मैदा आणि तयार पूड आली, रस्सा बाटला. परंतु टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होता आणि १८४५ मध्ये तो अमेरिकेत गेला. तिथली जुनी टेहानो कुटुंबे जागची हलली नव्हती. हलली ती सीमा. मग त्यांचे रांधणे परके कसे?

५/ सान अँटोनिओच्या चौकांत ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मेक्सिकन स्त्रिया रात्री चुली मांडून हे अन्न विकत. १८९० च्या दशकात जर्मन स्थलांतरित विल्यम गेबहार्ट यांनी मिरचीची मसालेदार पूड बाजारात आणली. पुढे आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्या स्त्रियांना चौकांतून हटवण्यात आले. पूड घरोघरी पोहोचली, चुली विझल्या.

६/ डायना केनेडी यांच्या १९७२ च्या ग्रंथाने मेक्सिकोच्या प्रांतोप्रांतीच्या पाककलेला न्याय दिला, हे निर्विवाद. पण त्यानंतर ‘आतले ते अस्सल, सीमेवरचे ते नक्कल’ ही विभागणी बळावली. एकाला न्याय देताना दुसऱ्याला बेदखल करण्याचे कारण नव्हते.

७/ आपल्या ठेच्यातली मिरचीही अमेरिका खंडातूनच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. ठेच्याला कोणी ‘नकली’ म्हणत नाही. मग टेक्सासच्या रश्शालाच वेगळी फूटपट्टी का?

८/ ‘अस्सल’ हा चवीचा शब्द असेल. इतिहासाचा पुरावा नव्हे. ताटातला पदार्थ बाद करण्यापूर्वी, त्याच्यासोबत कोणती माणसे बाद होतात, एवढे तरी विचारावे.