कापलेल्या पट्टीवर तारीख कुठे असते?

नवतपा लागला की रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशाच एका दुपारी एक निवृत्त गँगमन दादा युनियन कार्यालयात आले. खाजगी नर्सिंग होममधून त्यांना नुकतेच घरी सोडले होते. हातात कागदाची पुडी, तीत सात-आठ सुट्या गोळ्या. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, घरात कोणालाच ठाऊक नाही. नर्सिंग होममध्ये विचारले तर सिस्टरांची ड्यूटी बदललेली. इन्सुलिनची बाटली पिशवीतच तापत होती.

गोळीची ओळख तिच्या पट्टीवर असते : नाव, मुदत, बॅच नंबर. पट्टी कातरली की मुदत छापलेले टोक भलत्याच्याच घरी जाते. बॅच नंबर ही कारकुनी बाब आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या १० हून अधिक दगावल्या. शिबिराच्या कारभारावर ठपका आलाच. शिवाय तेथे दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत उंदीर मारायचे झिंक फॉस्फाइड असल्याचे राज्य सरकारने त्या वेळी सांगितले. गोळ्यांवर बंदी आली. पण घरातली गोळी त्याच बॅचची आहे की नाही, हे सुट्या पुडीवरून कोण सांगणार? नंबर नसलेले रजिस्टर पत्र आपले पोस्टमन बंधू हातात तरी घेत असत काय?

न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. एकदा गोठली की ती निकामी. वीज गेल्यावर फ्रीज किती तापला, याची नोंद किती नर्सिंग होम ठेवतात? स्टेशन मास्तर चार्ज देताना डायरीत लिहून सही करतो. मग रुग्णाला कोणते औषध कधी दिले, हे ड्यूटी बदलताना तोंडी का सांगितले जाते?

छत्तीसगडमध्ये नर्सिंग होमना २०१० च्या कायद्याने परवाना घ्यावा लागतो. रेल्वे आणि सीजीएचएस आपली माणसे पॅनेलवरच्या खाजगी रुग्णालयांत पाठवतात, बिलेही भरतात. तेव्हा अट घालण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. आमची मागणी साधी आहे : सुटी गोळी देऊ नये, द्यावीच लागली तर नाव, मुदत व बॅच लिहून द्यावी, फ्रीजचे तापमान रोज नोंदवावे, दिलेल्या प्रत्येक मात्रेपुढे सही असावी.

आपलेही चुकते. दवाखान्यातून महिन्याची औषधे आणायची आणि बिस्किटाच्या डब्यात घालून पत्र्याखालच्या खिडकीत ठेवायची, ही क्वार्टरातली जुनी रीत. शेजाऱ्याची रक्तदाबाची गोळी 'तात्पुरती' घेणारेही आपल्यातच आहेत.

ज्यांना नर्सिंग होममधून अशी बिननावाची पुडी मिळाली असेल, त्यांनी ती फेकू नये. डिस्चार्जच्या कागदासह शाखा कार्यालयात आणावी. प्रशासनासमोर ठेवायला आम्हांला तीच हवी आहे.