प पायांकेचा

म मोराचा, प पोपटाचा, अशीच अक्षरे आम्ही मराठीच्या वर्गात शिकवीत आलो आहोत. मोर चांगला, पोपटही चांगला. पण आमच्या मुलांनी आपल्या समुद्रावरची चार पाखरे ओळखू नयेत काय? पायांके त्यांना ठाऊक असतो, पण तो विमानाच्या शेपटीवरचा!

ब्लॅक रिव्हरचा जुना कोळी पिरोग घेऊन ब्रिझाँबाहेर गेला की आधी आकाश पाहतो. बोनीत आणि तून, म्हणजे कोकणातला कुपा, बारीक मासळीला खालून वर रेटतात. ती वर आली की सुरय पाखरांचे थवे झडप घालतात. थवा दिसला की पिरोग तिकडे वळते. सायंकाळी नॉडी पाखरे जमिनीकडे परततात आणि कोळ्याला किनाऱ्याची दिशा कळते.

हे ज्ञान पुस्तकात नाही. ते म्हाताऱ्या कोळ्यांबरोबर चालले आहे. मासा जमावा म्हणून किनाऱ्याबाहेर बोये नांगरलेले आहेत. त्याने कोळ्यांची सोय झाली, हे आम्ही मान्य करतो. परंतु मोठी जहाजे हाच थवा रडारवर मैलोगणती दुरून टिपतात आणि जाळ्यात सगळा कळप उचलतात. पिरोगवाला पाखराच्या वाट्याचे समुद्रात ठेवून येत असे. जहाज ठेवीत नाही.

2020 साली वाकाशिओ जहाज पॉइंत देस्नीच्या खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल सांडले. कोळ्यांची मासेमारी थांबली. इल ओ एग्रेतवरची दुर्मिळ पाखरे उचलून न्यावी लागली. कोळी आणि पाखरू, दोघांचे नशीब एकच, हे तेव्हा दिसले. त्या दिवसांत लोकांनी उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले. ज्या उसासाठी आपले पूर्वज येथे आले, तोच समुद्राच्या कामी आला.

आमचे म्हणणे एवढेच. प्रत्येक सत्रात एका शनिवारी एखाद्या वृद्ध कोळ्याला वर्गात मानाने बोलवावे. त्याने क्रिओलमध्ये सांगावे, मुलांनी ते देवनागरीत लिहून घ्यावे. सहलीला गेल्यावर पाखरांच्या बेटांवर कोणी कुत्रा नेऊ नये, अंड्यांना हात लावू नये, गळाची तुटकी दोरी टाकू नये.

मोर आपल्या आजा-पणजोबांच्या देशाचा. तो फळ्यावर राहू द्या. त्याच्या शेजारी पायांकेलाही जागा द्या.