‘गिव्ह अप’ची हद्दपारी

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाची एक मुलगी आपला इंग्रजी निबंध आम्हांस दाखवावयास घेऊन आली. विषय ‘माझे आजोबा’. १९७२ च्या दुष्काळांत विहीर आटली, बैलजोडी विकली आणि आजोबांनीं शेती सोडली, एवढी हकीकत तिनें चार साध्या वाक्यांत सांगितली होती. शेवटच्या वाक्यांत ‘गेव्ह अप फार्मिंग’ असे शब्द होते. तिच्या अध्यापकांनीं त्यांवर तांबडी रेघ ओढून वर ‘रेलिंक्विश्ड ॲग्रिकल्चर’ असे भारदस्त शब्द घातले होते, आणि समासांत शेरा मारला होता कीं, असलीं क्रियापदें बोलण्यांत चालतात, लेखनांत शोभत नाहींत.

हा शेरा आम्हांस नवा नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंत होतों तेव्हां तो आमच्याही वहीवर पडे, आणि आम्हीं तो मुकाट्यानें मानला. परिणाम असा झाला कीं, पुढें कित्येक वर्षें ‘चहा सोडला’ एवढें सांगावयासही आम्ही कोर्टाच्या दस्तऐवजाची भाषा वापरीत असूं. सबब या विषयावर आम्ही जें बोलूं तें कांहींसें रागानें बोलूं, हें वाचकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें.

‘गिव्ह अप’ हें कालपरवां बाजारांत जन्मलेलें क्रियापद आहे, अशी या शेऱ्यामागची समजूत असते. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. इंग्लंडांतील पीटरबरो येथील मठांत लिहिली गेलेली एक बखर ११५४ सालापर्यंत येऊन थांबते. तिच्यांतील ११३२ सालच्या नोंदींत, राजानें एका मठाधिपतीस पीटरबरोची गादी सोडावयास लावल्याची हकीकत आहे, आणि तेथें योजलेलें क्रियापद हेंच. केवळ लिहिण्याची धाटणी त्या काळची. म्हणजे चॉसर जन्मण्याच्या सुमारें दोनशें वर्षें आधीं एका मठवासी लेखकानें, राजाविषयीं, इतिहासासारख्या गंभीर ग्रंथांत तें वापरलें. आमच्या अध्यापकांस मात्र तें एका आजोबांविषयींच्या निबंधांतही खपलें नाहीं!

जुन्या इंग्रजींत अशीं अव्ययें पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं चिकटत. ‘फर्गिव्ह’, ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’ हे त्या कुळाचे अवशेष आजही नांदत आहेत. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकलें. दरबारांत, न्यायासनापुढें व विद्येच्या मठांत फ्रेंच आणि लॅटिन यांचें राज्य सुरू झालें. जुने उपसर्ग हळूहळू निर्जीव झाले, आणि क्रियापद पुढें व अव्यय मागें ही रचना रयतेच्या तोंडीं बळावत गेली. (उत्तरेकडे वस्ती करून राहिलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीचा त्यास कितपत हातभार लागला, हा पंडितांचा वाद येथें नको.) ‘सरेंडर’, ‘रिझाइन’, ‘अबँडन’, ‘रेलिंक्विश’ ही सारी मंडळी जेत्यांच्या फ्रेंचमधून आलेली. त्यांचा आम्ही द्वेष करीत नाहीं; इंग्रजीचें वैभव त्यांनीं वाढविलें आहे. पण घरच्या माणसास उंबऱ्याबाहेर काढून पाहुण्यांच्या हातीं किल्ल्या द्याव्यात, हें कोठलें शिष्टाचारशास्त्र?

आतां या क्रियापदाचा संसार पाहा. मूळ अर्थ स्वाधीन करणें असा दिसतो. हाताखालच्यानें वरच्याच्या हातीं द्यावयाचें, म्हणून ‘अप’, अशी आमची समजूत आहे. किल्ला शत्रूच्या हवालीं केला, फरारी इसम आपण होऊन पोलिसांच्या हातीं आला, म्हाताऱ्या बाईसाठीं बसमधली जागा सोडली, या सर्वांस हें एकच क्रियापद पुरतें. १६११ च्या इंग्रजी बायबलांत अब्राहामाच्या मरणाचें वर्णन करतांना ‘गेव्ह अप द घोस्ट’ असें म्हटलें आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानें याचें भाषांतर ‘त्यानें भूत सोडलें’ असें केलें होतें. वाचकांनीं त्याला हंसूं नये. ‘घोस्ट’ म्हणजे येथें प्राण, आणि ‘प्राण सोडला’ असें आपणही म्हणतों, ही जोड त्याला कोणी दाखविलीच नव्हती. पुढें हातची वस्तु देण्याचा हा अर्थ मनांतल्या वस्तूंस लागला. आशा, हक्क, नोकरी, तंबाखू हीं सारीं सोडण्याच्या यादींत आलीं. मग डॉक्टरांनीं रोग्याची आशा सोडली, तर सोडलेला पदार्थ आशा न राहतां खुद्द रोगीच झाला: ‘गेव्ह हिम अप’. शेवटीं कर्मही गळालें. कोडें सुटेना तेव्हां मूल ‘आय गिव्ह अप’ म्हणतें, म्हणजे हरलों बुवा! विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या रंगमंचावरून ‘अमक्यासाठीं टाळ्या द्या’ अशा अर्थाचा आणखी एक प्रयोग जगभर पसरला. आमच्या कानांस तो अजून खटकतो; पण त्यांतही ‘द्या’ हा जुना अर्थ डोकें वर काढतोच.

यांतील कितीशा ठिकाणीं ‘रेलिंक्विश’ बसेल? आणि ‘अप’च्या जागीं ‘इन’ येतांच काय होतें तेंही पाहावें. ‘गिव्ह इन’ म्हणजे पडतें घेणें, ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणें. घरांतल्या भांडणांत नवऱ्यानें पडतें घेतलें तर संसार चालतो. नाद सोडला तर मोडतो.

विद्वानांचा या क्रियापदांस विरोध आहे म्हणावें, तर तेंही नाहीं. सॅम्युअल जॉन्सनहून अधिक लॅटिनप्रिय इंग्रज सांपडणें कठीण. त्यानेंही १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, परकीयांस सर्वांत मोठी अडचण याच प्रयोगांची पडते असें सांगून, ते आपण काळजीपूर्वक नोंदविल्याचें म्हटलें आहे. अडचण आहे म्हणून शिकवावें, हा जॉन्सनचा न्याय. अडचण आहे म्हणून खोडावें, ही आमची सुधारणा! या वर्गाचें ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथांत योजलें, आणि तें हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविल्याचें प्रांजळपणें नमूद केलें. ऑक्सफर्ड कोशांतील ‘जी’ अक्षराचा, अर्थात् ‘गिव्ह’चाही भाग याच ब्रॅडलींनीं संपादिला होता.

परंतु आमच्या रागाचें खरें कारण निराळें आहे. ज्या देशांत यास्कानें निरुक्तांत उपसर्गांचा वाद नोंदविला, त्या देशांत हीं क्रियापदें केवळ पाठ करावयाचीं कोडीं ठरावीत काय? उपसर्गांस स्वतंत्र अर्थ नाहीं असें शाकटायन म्हणतो. आहे असें गार्ग्य म्हणतो. ‘अप’ला स्वतःचा अर्थ आहे कीं नाहीं, हा वाद तोच. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार हे शब्द होतात, हें आपल्याकडे शाळेंतल्या मुलालाही शिकवितात. लौकिक संस्कृतांत उपसर्ग धातूच्या आधीं येतो. वेदांत मात्र तो धातूच्या मागेंही येतो, मध्यें दुसरे शब्द घेऊनही येतो, हें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. ‘गिव्ह इट अप’ म्हणतांना मध्यें ‘इट’ येऊन बसतें, तें पाहून मग दचकावें कशाला?

संस्कृतही राहूं द्या. आपण घरांत बोलतों तें काय? सोडून देणें, देऊन टाकणें, विसरून जाणें, बोलून बसणें. ‘बोलून बसला’ यांत कोणी सतरंजीवर बसत नाहीं, आणि ‘सोडून दिलें’ यांत कोणी कोणास कांहीं देतोच असें नाहीं. रचना इंग्रजीहून वेगळी, पण युक्ति तीच: साध्या क्रियापदाच्या पाठीशीं दुसरा लहानसा शब्द उभा करून नवा अर्थ काढावयाचा. विशेष हें कीं, तांबडी शाई येथेंही पोंचली आहे. मराठी निबंधांतलें ‘सोडून दिलें’ खोडून ‘परित्याग केला’ असें लिहावयास लावणारे अध्यापक आम्हीं पाहिले आहेत.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. भाडेपट्ट्याच्या कागदांत ‘सरेंडर’ला कायद्यानें ठरविलेला अर्थ असतो; तेथें तोच शब्द पाहिजे. ‘मीट’नें भागत असतां ‘मीट अप विथ’ असें शेपूट लावणारांचा आम्हांसही कंटाळा येतो. पण त्याचें उत्तर विवेक हें आहे, सरसकट हद्दपारी नव्हे. आणि बाजारांतल्या मार्गदर्शकांत शेंकडों क्रियापदें रांगेंत उभीं करून प्रत्येकापुढें एकेकच प्रतिशब्द छापलेला असतो, त्यानें ही हद्दपारी सोपी होते. मुलाला क्रियापद भेटतच नाहीं, त्याचा प्रतिशब्द तेवढा भेटतो.

त्या मुलीच्या निबंधांत आम्हीं तिचे दोन्ही शब्द पुन्हां लिहिले. तिनें विचारलें, “सर, परीक्षेंत कोणतें लिहूं?” आम्हीं सांगितलें, आजोबांना विचार, त्यांनीं काय केलें तें. ती म्हणाली, आजोबा इंग्रजी जाणत नाहींत, एवढेंच म्हणतात, “शेती सुटली.” यांत तर कर्ताही गळाला आहे! तिनें वही उघडून तें मराठी वाक्य समासांत, तांबड्या शेऱ्याखालीं, पेन्सिलीनें लिहून घेतलें.