दुर्मीळ जंतूचा सांगावा

सुरतेतील कतारगाम म्हटले की हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु सप्टेंबर 1994 मध्ये हाच भाग आणि लगतचा वेड रोड यांचे नाव प्लेगमुळे देशभर झाले. लाखो माणसांनी शहर सोडले आणि हा प्लेगच की अन्य काही, यावर तज्ज्ञांचा वाद पुढे बरेच दिवस चालला. नंतर सुरतेने रस्ते झाडले, कचरा उचलला व देशापुढे उदाहरण ठेवले. मात्र तो धडा देशाने अर्धाच घेतला, असे आम्हांस वाटते. जंतूची ओळख वेळेवर पटविण्याची शिस्त अंगी बाणावयाची राहिली.

याचे स्मरण होते ते कर्करोगाच्या रुग्णांमुळे. वारंवार शीर टोचावी लागू नये म्हणून त्यांच्या छातीत कातडीखाली ‘केमोपोर्ट’ नावाची डबी बसवितात. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. सोय खरीच, पण प्रतिकारशक्ती खचलेल्या देहाला पाडलेले ते एक दारही आहे. पाण्यात, मातीत राहणारे आणि धडधाकट माणसाच्या सहसा वाटेस न जाणारे जंतू या नळीत चिकट थर करून ठाण मांडतात. मग औषधे तोकडी पडतात व पुष्कळदा नळीच काढावी लागते.

मुंबईतील एका रुग्णालयाच्या केमोथेरपी विभागात अनेक रुग्णांच्या रक्तात ‘बर्खोल्डेरिया सेपॅशिया’ हा विरळा जंतू आढळला. मूळ निघाले वांती थांबविणाऱ्या औषधाच्या कुप्यांत! ही हकीकत 2015 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ‘नमुनाच दूषित असेल’ म्हणून अहवाल बाजूस सारला असता, तर त्या कुप्या रुग्णांना टोचल्या जातच राहिल्या असत्या. एकात सापडलेला दुर्मीळ जंतू योगायोग असेल. तिघांत सापडला, तर तो सांगावा असतो.

परळला उपचार घेऊन कतारगामला वा कोकणातील गावी परतलेल्या रुग्णास पोर्ट धुतल्यावर हुडहुडी भरली, तर तापाची गोळी देऊन त्याची बोळवण करू नये. प्रतिजैविक देण्यापूर्वी नळीतून व हातातून एकाच वेळी रक्त घ्यावे. नळीच्या रक्तात जंतू दोन तास वा अधिक आधी उगवले, तर दोष नळीत आहे, असे समजावे. ही तपासणी प्रत्येक जिल्ह्यात व्हावी आणि तिचे निष्कर्ष एकत्र नोंदले जावेत, ही आमची मागणी अवास्तव नाही. रस्ता झाडणे डोळ्यांना दिसते, नोंद ठेवणे दिसत नाही. प्राण मात्र दोन्हींनी वाचतात.